नऊ पानांची नोटीस

४ फेब्रुवारी

चेक परत आला, मग त्यातले पैसे कुठे गेले?

बाबांनी जेवताना विचारलं. मला उत्तर येत नाही. हे फक्त या वहीत कबूल करते. बाबांना सांगितलं की पैसे प्रक्रियेत आहेत. बाबा म्हणाले, बरं. माझ्या प्रत्येक वाक्याला ते बरं म्हणतात. घरातली पहिली ग्रॅज्युएट असण्याचं हेच तर ओझं आहे.

वस्तुस्थिती लिहून ठेवते, पुढे लागेल. समारंभाच्या हॉलच्या एकशेवीस खुर्च्या. नवा फोम, मरून रेक्झिन, खुर्चीमागे सातशे. चौऱ्याऐंशी हजार. बाबांनी सात आठवडे काम केलं, कंबर धरली तरी केलं. हॉलमालक अर्धे पैसे तिथल्या तिथे रोख देत होते. मी मध्ये पडले. आता घरात शिकलेलं माणूस आहे, यापुढे सगळा व्यवहार चेकने, असं मी त्यांना त्यांच्याच ऑफिसात सांगितलं. ते म्हणाले, वा, असे विचार हवेत. आणि चेकबुक काढलं. इतकं चटकन काढलं की मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

आज बँकेचा मेमो आला. शेरा : अपुरी शिल्लक.

दुसरी वस्तुस्थिती. ज्यांच्याकडून बाबा माल उचलतात, त्या फोमवाले काकांना ते बावीस वर्षं जमेल तसे रोख पैसे देत आले. ती पद्धतही मीच बंद केली. बाबांच्या आयुष्यातला पहिला चेक मी लिहिला, सेहेचाळीस हजारांचा, तारीख १५ मार्च. सही करण्याआधी बाबांनी जुन्या वहीत अर्धं पान सराव केला.

बाबांच्या खात्यात आज तीन हजार शंभर आहेत. घाबरण्याचं कारण नाही. एकोणचाळीस दिवस आहेत आणि कायदा आपल्या बाजूने आहे.

६ फेब्रुवारी, दुपारी

बँक. काउंटर नंबर चार. तिथल्या मॅडमना सगळं पहिल्यापासून सांगितलं. माझ्यामागे सतरा माणसं होती, तरी त्यांनी ऐकलं. मग एका दमात म्हणाल्या : चेकवरच्या तारखेपासून तीन महिने तो चालतो. देणाऱ्याच्या खात्यात पैसे आले की चेक परत भरा. नाहीतर मेमो हातात पडल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवा. ती मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस. तरी नाही दिले तर कोर्ट. पुढचे कोण?

बोलणं जरा कोरडं वाटलं. पण टिपून घेतलं.

संकल्प : नोटीस आजच.

७ फेब्रुवारी

नोटीस आज नाही. आधी वाचन हवं. वाचनालयातून बँकेच्या कायद्यावरचं प्रश्नोत्तरांचं पुस्तक आणलं. सामान्य माणसाला पडणारे एकशेदहा प्रश्न. बाबांचा प्रश्न त्यात नाही.

नोटिशीची सुरुवात सुचली : विश्वास हा समाजाचा कणा आहे. चांगली आहे. उद्या पुढचं.

८ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, उद्यापासून मी हॉलवर जाऊन बसतो.

त्यांच्या धंद्यात ही रीत आहे. पैसे अडले की गिऱ्हाइकाकडे जाऊन बसायचं. भांडायचं नाही, मागायचं नाही. नुसतं बसायचं. येणारा-जाणारा विचारतो हे कोण, मालकाला सांगावं लागतं की खुर्च्यांचं काम केलं ते. आठवडाभरात मालक कंटाळतो.

मी ठाम नकार दिला. स्वतःच्या हक्काच्या पैशासाठी दुसऱ्याच्या दारात ताटकळणं म्हणजे स्वाभिमान गहाण टाकणं. लेखी मागू, कायद्याने मागू. अर्धा तास बोलले. बाबांना पटलं. बरं म्हणाले.

११ फेब्रुवारी

घरात एक चांगला बदल. बाबा रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात आणि एकला येतात. मागे मी चालण्याचे फायदे सांगितले होते, त्याचा परिणाम. आईने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, कंबर जपा, अधूनमधून उठत जा. फिरायला जाणाऱ्या माणसाला हे सांगायची काय गरज, कळलं नाही. धाकटी पोहे खाताना उगाच हसली. दहावीचं वर्ष आहे, तिला अभ्यास दिसत नाही, हसू दिसतं.

नोटीस : तीन पानं. अजून मुद्द्याशी यायचंय.

१३ फेब्रुवारी

मोठा अपघात थोडक्यात टळला. चेक शिलाई मशीनवर ठेवला होता, त्यावर रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा थेंब पडला. एका कोपऱ्यावर निभावलं. पण आमच्या घरात कागद टिकत नाही. फोमचा भुगा, सोल्यूशन, धाग्यांची रिळं. म्हणून महत्त्वाचा कागद आला की आम्ही लॅमिनेट करतो. माझी डिग्री, आमचे जन्मदाखले, आईच्या ऑपरेशनचा कागद, मशीनची गॅरंटीसुद्धा, जी संपून नऊ वर्षं झाली.

लगेच जाऊन चेक आणि मेमो, दोन्ही लॅमिनेट करून आणले. जाड प्लास्टिक घेतलं. दुकानदार म्हणाला, पन्नास वर्षं काही होणार नाही. पुरावा आता सुरक्षित आहे. समाधानाचा दिवस.

१८ फेब्रुवारी

नोटिशीचा चौथा मसुदा धाकटीला वाचून दाखवला. साडेसहा पानं. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, ताई, छान आहे, पण ह्यात पैसे मागितलेत कुठे?

पाहिलं. नव्हते मागितले. पण टीका करण्याची पद्धत असते. पाचव्या पानावर रक्कम घातली.

एक वाक्य मात्र फार उतरलं आहे : ज्याचा चेक वटत नाही तो केवळ देणेकरी नव्हे, समाजाचा अपराधी होय. ते दोनदा वापरलं आहे. एकदा सुरुवातीला, एकदा निष्कर्षात. पुढे नैतिक अधःपतनावर एक परिच्छेद.

२३ फेब्रुवारी, सकाळी

आनंद. बाबा फिरून साडेदहालाच परत आले. म्हणाले, आज हॉलमालकांच्या खात्यात पैसे आले आहेत, चेक लगेच भर, संध्याकाळी जातील ते पैसे. कुणी सांगितलं, तर म्हणाले, कळलं.

मी काय समजायचं ते समजले. नोटीस तयार होते आहे ही बातमी त्यांच्या कानावर गेली असणार. पाठवण्याआधीच परिणाम. लेखणीची ताकद म्हणतात ती ही.

बँकेत चालले.

२३ फेब्रुवारी, दुपारी

मॅडमनी चेक हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला. काउंटरवर टकटक वाजवून पाहिला. मग म्हणाल्या, हे काय केलंत?

म्हटलं, जतन केला.

त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी शेजारच्या काउंटरवरच्यांना बोलावलं. चौघं तो प्लास्टिकचा चेक बघत उभे. म्हणाले, ह्याच्यावर शिक्का कसा मारणार, हा मशीनमध्ये कसा जाणार, ताई, चेक आहे हा, मार्कशीट नाही. साहेब स्वभावाने चांगले. त्यांनी ब्लेडने हलकेच प्लास्टिक सोडवायचा प्रयत्न केला. प्लास्टिक सुटलं. त्याच्याबरोबर सहीपण सुटली.

मॅडम म्हणाल्या, आता त्यांच्याकडून नवीन चेक आणा. आवाज कोरडा नव्हता, तेच वाईट वाटलं.

घरी सांगितलं की क्लिअरिंगला वेळ लागतो. तांत्रिक अडचण आहे. बाबा काहीच म्हणाले नाहीत. बरंही नाही.

२६ फेब्रुवारी

तीन दिवस वही उघडली नाही.

नवा चेक मागायला हॉलमालकांकडे जायचं म्हणजे जुन्याचं काय केलं हे सांगावं लागणार. ते आख्ख्या हॉलला ऐकू जाईल इतकं हसतील. जाणार नाही. सगळं नोटिशीतच घेते. नोटिशीत कुणी हसू शकत नाही.

आज पहिल्यांदा नीट हिशेब केला. १५ मार्चला फोमवाले काका चेक भरणार. खात्यात तीन हजार शंभर. तो परत आला तर बाबांनाही मेमो. अपुरी शिल्लक. आणि मी सहा पानं भरून जे लिहिलंय ते हॉलमालकांआधी बाबांना लागू होतं. ज्या माणसाने बावीस वर्षांत कुणाचा एक पैसा बुडवला नाही, त्याच्या नावावर पहिला डाग माझ्या हस्ताक्षरातला चेक लावणार.

ते वाक्य खोडायला घेतलं. पण लय फार चांगली आहे. ठेवलं.

२ मार्च

तीस दिवस मोजले. सुट्ट्या आणि रविवार वगळून, म्हणजे १२ मार्चपर्यंत वेळ आहे. बँक ज्या दिवशी बंद, तो दिवस बँकेच्या कायद्यात कसा धरतील? हे मला तर्काने समजलं.

३ मार्च

खात्रीसाठी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रविवारी तुम्ही जेवत नाही का? सगळे दिवस धरतात. सहा तारीख शेवटची.

वाचनालयात बसून रडले. मग सातवं पान लिहिलं.

५ मार्च, संध्याकाळी

पाठवली. नऊ पानं, रजिस्टर्ड पोस्टाने. पोस्टातल्या बाईंनी लिफाफा तोलून विचारलं, लग्नाच्या पत्रिका आहेत का?

मुदतीच्या एक दिवस आधी. घरी पावती दाखवली. आई बाबांकडे पाहत राहिली. बाबा म्हणाले, पाठवलीस? आज? मी हो म्हटलं. ते मशीनवर जाऊन बसले, पण मशीन चालल्याचा आवाज आला नाही. भारावले असावेत.

९ मार्च

बाबा आज सव्वादहालाच घरी आले. शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. बूट न काढता पलंगावर बसले.

मग कळलं. सगळं आईने सांगितलं, कारण बाबांच्याने बोलवेना.

बाबा एक दिवसही फिरायला गेले नव्हते. एक महिना ते रोज नऊ ते एक हॉलच्या ऑफिसात बसत होते. काही न मागता. हॉलमालक पहिले चार दिवस बघत नव्हते, पाचव्या दिवशी त्यांनी चहा दिला, आठव्या दिवशी दोन हजार. मग बुकिंगचा ॲडव्हान्स आला की त्यातून कधी तीन, कधी पाच. खात्यात पैसे आलेत हे त्या दिवशी त्यांनीच बाबांना सांगितलं होतं. म्हणाले होते, आधी तुमचा चेक भरा, बाकीचे घेणेकरी दुपारनंतर येतील. एकतीस हजार जमले. मशीनच्या खणात, रेक्झिनच्या पिशवीत. पंधरा तारखेच्या आत आणखी बारा देतो, म्हणाले होते.

आज सकाळी बाबांच्या समोरच त्यांना नोटीस मिळाली. त्यांनी मॅनेजरला बोलावून पहिली दोन पानं मोठ्याने वाचायला लावली. समाजाचा अपराधी. मग बाबांना म्हणाले, रोज माझा चहा पिता आणि घरून हे पाठवता? जा, आता कोर्टातूनच घ्या. इथून एक पैसा मिळणार नाही.

मी आईला विचारलं, मला सांगितलं का नाही. आई म्हणाली, तू एवढं मन लावून लिहीत होतीस. धाकटी म्हणाली, ताई, मला तर वाटलं तू ते पाठवणारच नाहीस.

बाबा तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. नैतिक अधःपतन म्हणजे काय गं, विचारलं. म्हणाले, मॅनेजरला तो शब्द वाचता आला नाही, म्हणून मालकांनी मलाच विचारला, मला सांगता आला नाही.

मी अर्थ सांगितला. बाबा म्हणाले, एवढे काही वाईट नाहीत गं ते.

११ मार्च

काउंटर नंबर चार. माझा नंबर यायच्या आधीच मॅडमनी मान हलवली.

कोर्टाचं विचारलं. त्या म्हणाल्या, नोटीस नऊ तारखेला मिळाली, म्हणजे चोवीसपर्यंत त्यांना पंधरा दिवस. त्याआधी काही नाही. आणि मूळ चेक? तो तुमचा फाटला. पैसे काही मिळालेत का? म्हटलं, एकतीस हजार. नोटिशीत ते वजा केलेत? म्हटलं, पूर्ण चौऱ्याऐंशी मागितले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, वकिलाला दाखवा हवं तर. पण मिळालेले वजा न करता मागितलं की नोटीस टिकत नाही, तुम्ही लिहिलंय ते त्यांच्याच फायद्याचं आहे.

म्हणजे कायदा संपला. मला हे लिहायलाही जड जातंय. कायदा चांगलाच आहे. मी त्याला प्लास्टिकमध्ये घातला आणि वर नऊ पानं ठेवली.

हिशेब : सेहेचाळीस हजारांतून एकतीस गेले, खात्यातले तीन हजार शंभर गेले. अकरा हजार नऊशे कमी. चार दिवस.

१२ मार्च

फोमवाले काकांच्या दुकानात गेले. चेक थोडा थांबवा म्हटलं. त्यांनी फोमच्या थप्पीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, पोरी, तुझ्या बापाने आजवर मला बिनकागदाचे पैसे दिले आणि मी बिनकागदाचा थांबलो. वर्षभर थांबलोय एकदा. पण ह्या वेळी कागद दिलात, तारीख दिलीत. म्हणून मी त्या भरवशावर कंपनीला सोळा तारखेचा चेक दिला. आता मी थांबलो तर माझा परत येईल. तूच सांग काय करू.

मी रिकामा पेला परत केला. निघताना म्हणाले, बापाला सांगू नको मी असं बोललो, त्याला लागेल.

१३ मार्च

बाबा आज पुन्हा नऊला गेले. वॉचमनने आत सोडलं नाही. ऑफिसात बसायचं नाही असा निरोप होता. बाबा एकपर्यंत गेटबाहेर उभे राहिले. बसायला तिथे खुर्ची नव्हती.

एकशेवीस खुर्च्या आत आहेत.

आईने कंबरेला तेल लावलं. बाबा तिला हळू आवाजात म्हणाले, तिला काही बोलू नको, ती खरंच बसून बसून लिहायची गं. मी पडद्याच्या अलीकडे होते.

१५ मार्च, दुपारी

फोमवाले काकांचा फोन आला. चेक वटला.

कसं झालं ते क्रमाने लिहिते.

काल बाबा नऊला निघाले आणि अकराला उड्या मारत आले. उड्या म्हणजे कंबर आहे तशी. हातात बारा हजार. वॉचमनने त्यांना स्वतःहून आत सोडलं, ऑफिसात खुर्ची दिली, चहा आला. हॉलमालक म्हणाले, घ्या, बाकीचे दोन महिन्यांत देतो, पूर्वीसारखे येऊन बसत जा. बाबांनी तीच गोष्ट चार वेळा सांगितली. दर वेळी चहात साखर वाढत गेली. मग पिशवीतले आणि हे मिळून स्वतः बँकेत जाऊन भरून आले. स्लिप आपल्या हाताने भरली. मला म्हणाले, बघ, तुझं लिहिणं बरोबरच आहे, पण माणूस समोर बसला की मालकाला लाज वाटतेच. काल मी गेटवर उभा राहिलो ना, त्यानेच विरघळला तो. नुसतं उभं राहून झालं काम.

आई म्हणाली, तुमच्या कंबरेला सोन्याने मढवा आता. धाकटीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. बाबांना इतकं सरळ बसलेलं मी खूप दिवसांनी पाहिलं.

मी म्हटलं, हो बाबा, तुमचंच बरोबर.

काल सकाळी आठला मी हॉलवर गेले होते. हॉलमालक झाडलोट करून घेत होते. मला बघून म्हणाले, आणखी नऊ पानं आणलीत का? मी म्हटलं, नाही, कोरा कागद आणलाय, तुम्ही सांगा तसं लिहिते. त्यांनी सांगितलं, मी उभ्याउभ्याच लिहिलं. दिनांक पाच मार्चची नोटीस मी विनाअट मागे घेत आहे. त्यातील मजकूर चुकीचा असून त्याबद्दल माफी मागते. दोन ओळी. खाली सही. ते म्हणाले, बी.ए. लिहा ना पुढे, नोटिशीत लिहिलं होतं. तेही लिहिलं. मॅनेजरने वाचून पाहिलं, या वेळी कुठे अडला नाही.

मग मी माझी एकच अट सांगितली, म्हणजे विनंती केली. हे पत्र कपाटात ठेवा, आणि बाबा नऊला येतील तेव्हा त्यांना सांगू नका की मी आले होते.